गाडीचा हप्ता घराच्या कर्जातून वजा होतो

प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण संपलं, नोकरीला वर्ष होत आलं. पुढच्या तीन-चार वर्षांत नोकरी बदलेल, कदाचित गावही बदलेल. कामावर जायला गाडी हवी आहे. आणि जो तो सांगतोय की भाड्यात पैसे घालवू नकोस, आत्ताच घर घेऊन टाक. नोकरीतली मोकळीक, गाडी आणि घर ही तिन्ही एकत्र जमवायची कशी?

एकदम जमत नाहीत. क्रम लावावा लागतो, आणि तो पगाराच्या आकड्यावरून लागत नाही. एका गावात तुम्ही सलग किती वर्षं राहणार आहात, यावरून लागतो. हे उत्तर प्रामाणिकपणे तीन-चार वर्षं असेल तर घराचा विषय बाजूला ठेवा, गाडी शक्य तितकी स्वस्त ठेवा आणि पैसे साठवा. सात-आठ वर्षांच्या पुढे असेल तर गाडीच्या आधी घर. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात. पहिल्या वर्षी नवी गाडी कर्जावर घेतात, तिसऱ्या वर्षी घर शोधायला निघतात आणि कर्ज अपेक्षेपेक्षा इतकं कमी का मंजूर झालं म्हणून डोकं धरून बसतात.

हिशेब कुठल्याही चलनात चालावा म्हणून हातात येणारा महिन्याचा पगार 100 धरू.

कर्ज देणारे तुमच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज पगाराच्या ठराविक टक्क्यांपुरतीच चालवून घेतात. मर्यादा ठिकठिकाणी वेगळी असते, आपण 45 धरू. घरकर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर दर 1 लाखाला महिना साधारण 900 हप्ता बसतो. या दराने 45 च्या हप्त्यावर 5,000 कर्ज मिळतं, म्हणजे 50 महिन्यांचा पगार. आता डोक्यावर गाडीचा 12 चा हप्ता आहे असं समजा. घरासाठी उरले 33. त्यावर मिळतात 3,668, म्हणजे जेमतेम 36.7 महिन्यांचा पगार. तेरा महिन्यांचा पगार एका फटक्यात गेला.

आणि त्या 12 च्या हप्त्यात गाडी केवढ्याची आली? 10 टक्के दराने 5 वर्षांचं कर्ज असेल तर 565 ची, म्हणजे पावणेसहा महिन्यांच्या पगाराइतकीही नाही. गाडीसाठी घेतलेल्या 1 रुपयाच्या कर्जाने घराच्या कर्जातले सव्वादोन रुपयांहून जास्त खाल्ले. (रुपया म्हटलं ते तोंडाच्या सवयीने. चलन कुठलंही असो, गुणोत्तर तेच.) कारण साधं आहे. हप्ते मोजताना मुख्यतः महिन्याला किती जातात ते बघितलं जातं, कर्ज किती उरलंय ते नंतर. पाच वर्षांच्या गाडीकर्जात दर लाखाला 2,125 चा हप्ता पडतो आणि वीस वर्षांच्या घरकर्जात 900 चा. छोट्या मुदतीचं छोटं कर्ज मोठ्या मुदतीच्या मोठ्या कर्जाची जागा अडवतं.

इथे शोरूममधला माणूस लगेच तोडगा काढून देतो: मुदत सात वर्षं करा, हप्ता उतरेल. उतरतो खरा. लाखाला 2,125 चे 1,660 होतात. पण एकूण व्याज लाखामागे साडेसत्तावीस हजारांवरून साडेएकोणचाळीस हजारांवर जातं, आणि खरी अडचण व्याजाची नाहीच. अडचण ही की गाडीची किंमत कर्जापेक्षा जास्त वेगाने उतरते. नवी गाडी पहिल्या वर्षात साधारण पाचवा हिस्सा गमावते आणि पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्क्यांच्या आसपास. मॉडेलप्रमाणे मागेपुढे होतं, पण या चालीने 100 ची गाडी वर्षाने 80, दोन वर्षांनी 68, तीन वर्षांनी 58, पाचव्या वर्षाअखेर 42 ची होते. पूर्ण किमतीचं कर्ज सात वर्षांसाठी घेतलं असेल तर दोन वर्षांनी 78 देणं बाकी असतं आणि गाडीला येतात 68. म्हणजे त्या वर्षी दुसऱ्या गावची किंवा दुसऱ्या देशातली नोकरी आली तर गाडी विकण्यासाठी तुम्हालाच खिशातून 10 घालावे लागतील. पाचातला एक हिस्सा रोख भरून उरलेलं पाच वर्षांवर घेतलं असतं, तर त्याच वेळी बाकी 53 राहिली असती आणि गाडी विकून 15 हातात पडले असते. नोकरीसाठी मोकळं राहायचं म्हणजे नेमकं हेच: कुठल्याही महिन्यात गाडी विकली तरी कर्ज फिटलं पाहिजे. ज्या कर्जात हे होत नाही ते घेऊ नका, हप्ता कितीही सोसवत असला तरी.

गाडी लागतेच का, आणि लागली तर कुठली

हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. वर्षाला 12,000 किलोमीटर चालणारी, लिटरला 15 देणारी गाडी 800 लिटर पिते. तुमच्याकडच्या दराने गुणा. टायरचा संच 40 ते 50 हजार किलोमीटर चालतो, म्हणजे दरवर्षी पाव संचाचे पैसे बाजूला पडायला हवेत. बॅटरी तीन ते पाच वर्षं. इंजिन ऑइल साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) असलेलं इंजिन असेल तर तो कधी बदलायचा हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. तो आकडा चुकवलात आणि बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनच उघडावं लागतं. शिवाय विमा, पार्किंग, कर. कर्जावर घेतलेल्या गाडीचा 12 चा हप्ता असेल तर या सगळ्यासाठी आणखी 8 धरा. एकूण 20.

हा 20 चा आकडा समोर ठेवून भाड्याची घरं बघा. कामापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावरच्या घराचं भाडं लांबच्या घरापेक्षा 10 ने जास्त असलं, तरी गाडीविना राहिलात तर महिना 10 वाचतात. वेळ वाचतो तो वेगळाच. रोज जाऊन-येऊन दोन तास, वर्षाचे कामाचे 220 दिवस, म्हणजे 440 तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर 55 दिवस. पहिल्या पाच वर्षांत नवं कौशल्य शिकायला, मुलाखतीची तयारी करायला जो वेळ लागतो तो यातूनच यायचा असतो. जवळचं महाग घर बहुतेकदा स्वस्त पडतं, हे कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. काही कामं गाडीशिवाय होतच नाहीत: साइटवर फिरायचं काम, रात्रपाळी, जिथे बसच पोचत नाही असे औद्योगिक भाग. तिथे गाडी ही चैन नसून हत्यार आहे आणि ती घ्यावीच. फक्त तीन ते पाच वर्षं वापरलेली घ्यावी. वरच्याच उतरणीत बघा: नवी गाडी पहिल्या दोन वर्षांत 32 गमावते, तीच गाडी चौथ्या-पाचव्या वर्षांत 16. दोन वर्षांनी गाव बदललं तर तोटा निम्मा.

जुनी गाडी बघायला जाताना इंजिन गार असताना दाखवायला सांगा आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर तुम्ही येण्याआधी गाडी तापवून ठेवली आहे, आणि गार इंजिनाची कुरकुर, पहिला निळा धूर तुम्हाला दिसू नये एवढाच त्यामागचा हेतू असू शकतो. मग टायर. टायरच्या बाजूवर छोट्या लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी चार वर्षांची, मीटरवर 28,000, आणि चारही टायर गेल्या वर्षीचे असतील तर विचारा की पहिले टायर एवढ्यात संपले कसे. पटणारं उत्तर नसेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर किती झिजलंय तेही बघा. बोनेट आणि पुढचे मडगार्ड ज्या बोल्टांनी बसवलेले असतात, त्या बोल्टांच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडले गेले आहेत, म्हणजे पुढून मार बसलेला असू शकतो. शेवटी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या खाचेला, स्कॅनर लावा. दोषाचा कोड दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. त्याच स्कॅनरवर ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणाऱ्या नोंदी, बघा. ते अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. दोन-चार दिवस गाडी चालू द्या आणि पुन्हा बघा. गाडीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

एक चूक हमखास होते: गाडी घ्यायची आणि ती फक्त सुट्टीच्या दिवशी काढायची. उभ्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बॅटरी हळूहळू खात राहते. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये शिरलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही. कमी चालली म्हणून ऑइल बदलायचं टाळतात आणि तिथेच फसतात. महिन्यातून चार दिवस गाडी लागत असेल तर ती भाड्याने घ्या. अपमान काही नाही त्यात.

घराची बरोबरी कुठल्या वर्षी होते

‘भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे’ हे वाक्य अर्धंच आहे. घराच्या हप्त्यातलं व्याज, खरेदीचा कर, दलाली, देखभाल हेसुद्धा परत न येणारे पैसेच आहेत. तुलना भाडं विरुद्ध हप्ता अशी करायचीच नाही. इकडचे परत न येणारे पैसे आणि तिकडचे परत न येणारे पैसे समोरासमोर ठेवायचे.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. आता घराची किंमत 100 धरा. स्वतःचे 20, कर्ज 80, दर 9 टक्के, 20 वर्षं. खरेदीचा खर्च 8, विकताना त्या वेळच्या किमतीच्या 2 टक्के. देखभाल, कर, विमा मिळून वर्षाला 1.5. तसंच घर भाड्याने घेतलं तर पहिल्या वर्षी 3.5 आणि दरवर्षी 5 टक्के वाढ. घराची किंमत वर्षाला 6 टक्क्यांनी वाढते असं समजू, म्हणजे घराच्या बाजूने बऱ्यापैकी उदार अंदाज. हातातल्या पैशावर बाहेर 6 टक्के मिळतात.

तीन वर्षांनी घर विकून गाव सोडलंत तर काय? तीन वर्षांत हप्त्यांपोटी जवळजवळ 26 भरलेले असतात आणि मुद्दल फिटलेली असते फक्त 4.9. वीस वर्षांच्या कर्जाची सुरुवात अशीच असते: 1 लाखाच्या पहिल्या 900 च्या हप्त्यात 750 व्याज आणि 150 मुद्दल. घर 119 ला विकून, खर्च आणि बाकी कर्ज वजा करून हातात येतात 41.6. घातलेले एकूण 58.4. निव्वळ गेले 16.8, आणि सुरुवातीला घातलेल्या 28 वर बाहेर जे व्याज मिळालं असतं ते 5.3. एकूण 22. भाड्याने राहणाऱ्याचे त्याच काळात गेले 11. किंमत दरवर्षी 6 टक्के वाढूनही घर दुप्पट महाग पडलं.

आठ वर्षं राहिलात तर तीच मांडणी 32.8 विरुद्ध 33.4 वर येते. बरोबरी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, किंमतवाढ 6 ऐवजी 4 टक्के धरली की घराची बाजू 55 पर्यंत जाते आणि बरोबरी आठ वर्षांत होतच नाही. दुसरी, हप्ता आणि भाडं यातला फरक भाडेकरूने दरमहा खरोखर गुंतवला, तर बरोबरी आणखी काही वर्षं पुढे सरकते. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. बहुतेकांचा तो फरक कुठे जातो ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि घरकर्जाचा सगळ्यात मोठा फायदा हाच की ते सक्तीने बचत करून घेतं. स्वतःचा स्वभाव ओळखा.

तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील. ते घालून बघायला एक कोरी स्प्रेडशीट आणि अर्धा तास पुरतो. सगळ्यात जास्त हलणारे आकडे तीन: वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत, कर्जाचा दर आणि तुम्ही राहणार ती वर्षं. भाडं किंमतीच्या 5-6 टक्के असलेल्या गावात तुलना घराकडे लवकर झुकते, 2-3 टक्के असलेल्या गावात भाड्याने राहणाऱ्याला घाई करायचं काहीच कारण नाही.

‘विकायचं कशाला, भाड्याने देऊ’ असं लगेच कुणीतरी म्हणतं. देता येईल. वरच्याच घरात वर्षाचं भाडं 3.5, त्यातून एक महिना घर रिकामं राहिलं म्हणून 0.3 आणि देखभाल-कर 1.5 गेले की उरले 1.7. त्यावर कर असेल तो वेगळा. हप्ता 8.6. म्हणजे घराच्या किमतीच्या जवळजवळ 7 टक्के दरवर्षी तुमच्या खिशातून, आणि नव्या गावात भाडं भरायचंच आहे. शिवाय काही कर्जांत स्वतः राहण्याची अट असते. ती मोडली तर दर बदलू शकतो, विम्याचा दावाही अडू शकतो. करारातली ती ओळ सही करण्याआधी शोधा.

आणि डाउन पेमेंट फार कमी असेल तर मोकळीक पूर्णच संपते. 10 टक्के भरून घेतलेलं घर, वर्षाने बाजार 10 टक्के उतरला: घराला येतात 90, विक्रीचा खर्च जाऊन 88.2, कर्ज बाकी 88.3. विकलं तर हातात शून्य, आणि खरेदीच्या वेळचे सगळे पैसे गेले. 20 टक्के ही मर्यादा कुणी हवेतून काढलेली नाही.

पैसे साठवताना

50 महिन्यांच्या पगाराएवढं कर्ज 80 टक्के धरलं तर घर साडेबासष्ट महिन्यांच्या पगाराचं. स्वतःचे साडेबारा आणि खरेदीच्या खर्चाचे (8 टक्के) पाच, मिळून साडेसतरा महिन्यांचा पगार हातात हवा. इथे पुन्हा महिन्याचा पगार 100 धरला, तर दरमहा 35 वाचवणाऱ्याला हे 50 महिन्यांत जमतं, पगारवाढ आणि व्याज न धरता. त्याच माणसाने 20 ची गाडी पोसली तर बचत 15 वर येते आणि 117 महिने लागतात. चार वर्षं आणि दहा वर्षं यातला फरक त्या एका गाडीचा आहे.

या बचतीत दोन खिसे वेगळे ठेवा आणि घराच्या पैशात मिसळू नका. एक, नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर चार ते सहा महिन्यांचा खर्च. दुसरा खिसा फार कमी जण ठेवतात: गाव बदलण्याचा. नव्या घराची अनामत, दलाली, सामानाची वाहतूक, जुन्या-नव्या भाड्याची एक महिन्याची दुहेरी पट्टी, दोन पगारांमधली सुट्टी. दीड ते दोन महिन्यांचा पगार त्यासाठी अलग हवा. हा खिसा रिकामा असलेला माणूस चांगली संधी आली तरी ‘आत्ता नको’ म्हणतो, आणि पहिल्या पाच-सहा वर्षांत पगार मोठ्या टप्प्याने वाढतो तो बहुतेकदा नोकरी बदलताना. बदलीचा खर्च नवी कंपनी देणार असेल तर पत्रातली परतफेडीची अट वाचा. वर्ष-दोन वर्षांच्या आत सोडलं तर ती रक्कम आणि जॉइनिंग बोनस परत मागायचा हक्क कंपन्या लिहून ठेवतात.

नव्या गावात पहिल्या दिवशी लांबचा भाडेकरार करू नका. पहिले दोन-तीन महिने छोट्या मुदतीची जागा घ्या, आणि करारात मुदतीआधी सोडण्याची सोय एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर आहे ना ते बघा. ही एक ओळ मोकळिकीच्या दृष्टीने भाड्याच्या घासाघिशीपेक्षा मोलाची आहे.

घर घ्यायचं ठरलंच तर

असं घर घ्या जे उद्या दुसऱ्या कुणाला भाड्याने देता येईल किंवा पटकन विकता येईल. म्हणजे मध्यम आकाराचं, जाण्यायेण्याची सोय असलेलं, फार खास आवडीने न सजवलेलं. अर्धवट बांधलेलं घर नोकरी बदलणाऱ्या माणसाला सगळ्यात गैरसोयीचं: ताबा मिळेपर्यंत भाडंही भरायचं आणि उचललेल्या कर्जावर व्याजही. ताबा लांबला की दोन्ही लांबतात.

हप्ता आजच्या दरावर बेतू नका. बदलत्या दराच्या कर्जात 9 चे साडेदहा टक्के झाले तर लाखाचा हप्ता 900 वरून 998 होतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटली तर 20 वर्षांचं कर्ज 34 वर्षांच्या पुढे जातं. दर वाढल्यावर संस्था आपोआप मुदत वाढवत असेल तर हे घडतंय हे कळतही नाही, कारण खात्यातून तेवढेच पैसे जात राहतात. वर्षातून एकदा बाकी हप्त्यांची संख्या तपासा. उलट बाजूने, दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलीत भरलात तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आत संपतं. मुदतपूर्व फेडीवर दंड नाही ना, हे मात्र आधी बघून घ्या.

दोघे मिळून कर्ज काढणार असाल तर दोघांच्याही कामाची संधी त्या गावात आहे का, हे घराच्या नकाशाइतकंच तपासा. आणि भावंडाला किंवा मित्राला मदत म्हणून त्याच्या कर्जावर सहकर्जदार होण्याआधी लक्षात घ्या, की तो हप्ता बहुधा तुमच्याही 45 च्या मर्यादेत मोजला जाईल.

गाडीचं कर्ज आधीच असेल आणि आता घर बघायचं असेल, तर अर्जाच्या आधीचे सहा-आठ महिने असे घालवा. गाडीचे किती हप्ते उरलेत ते बघा. मोजकेच उरले असतील तर काही संस्था ते धरत नाहीत, आधी विचारा. धरत असतील तर घरासाठी साठवलेल्या पैशातून गाडीचं कर्ज फेडलेलं परवडतं का ते मांडा. बाकी 100 असेल आणि हप्ता 12, तर 100 खर्चून 1,333 ची कर्जाची जागा मोकळी होते. फेडल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पतअहवालात ते कर्ज बंद दिसतंय का ते स्वतः तपासा. तिथे चुका राहतात आणि दुरुस्तीला आठवडे जातात. क्रेडिट कार्डाची वापरलेली रक्कम मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवा. एकाच वेळी पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, दोन ठिकाणचे लेखी आकडे घेऊन तुलना करा.

या काळात नोकरी बदलायची असेल तर एक तर आधी बदलून, प्रोबेशन संपवून, नव्या पगाराच्या काही पावत्या हातात घेऊन अर्ज करा, नाहीतर कर्जाचे पैसे पूर्ण वाटप झाल्यावर बदला. मंजुरी आणि वाटप यांच्या मध्ये राजीनामा देणं ही सगळ्यात महागडी वेळ. वाटपाआधी संस्था नोकरी पुन्हा तपासू शकते, मंजुरी थांबते, आणि विक्रेत्याला दिलेली इसाऱ्याची रक्कम अडकते. खरेदीच्या करारात ‘कर्ज न मिळाल्यास इसारा परत’ हे कलम घालून घ्या, आणि त्या दोन महिन्यांत हप्त्यावर फ्रीजसुद्धा घेऊ नका.